प्रवासाची आखणी : शिवार, पेठ आणि गड

सुटीतील प्रवास हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे सामान्यतः कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रवास म्हणजे विश्रांती आणि अभ्यास म्हणजे श्रम, अशी आपली रूढ समजूत असते. परंतु ज्या प्रवासातून मनुष्य ताजातवाना होऊन परततो, त्या प्रवासामागे बहुधा थोडी पूर्वतयारी आढळते. आणि ज्या प्रवासातून तो केवळ थकून परततो, तेथे पाहण्याच्या स्थळांची लांबलचक यादी मात्र आढळते. आखणी आणि यादी यांतील हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत प्रकरणाचा हेतू आहे. निसर्गरम्य खेडी, गजबजलेली गावे आणि ऐतिहासिक किल्ले या तिन्ही गोष्टी एका सुटीत पाहण्याची इच्छा पुष्कळांना असते. ती कशी पूर्ण करता येईल, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

उदाहरणासाठी रुआबांधा येथील एखादे कुटुंब घेऊ. रुआबांधा ही छत्तीसगडमधील भिलाईच्या कारखाना-नगरीतील एक वसाहत आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. अशा कुटुंबात आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले असतात, मुलगा तीन पाळ्यांपैकी एका पाळीत काम करीत असतो आणि नातवंडे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकत असतात. रजा मोजकी असते, पैसा बेताचा असतो आणि आजोबांचे गुडघे पूर्वीसारखे राहिलेले नसतात. प्रवासाची आखणी या तीन मर्यादा मान्य करूनच करावी लागते.

दूरचे आणि जवळचे

मराठी मनुष्याने किल्ला हा शब्द उच्चारला की त्याच्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. हे स्वाभाविक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने ज्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशात नोंद केली, त्यांतील अकरा महाराष्ट्राच्या पश्चिम भागात आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. रुआबांध्याहून रायगडास किंवा पन्हाळ्यास जावयाचे तर एका बाजूचा प्रवास हजार किलोमीटरांच्या घरात जातो. सात दिवसांच्या रजेतील तीन-साडेतीन दिवस वाहनातच संपतात आणि उरलेल्या वेळात गड चढून उतरण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. आजोबा पायथ्याशीच बसून राहतात.

मात्र या नोंदीतील 'भूदृश्य' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भोवतालची भूमी वगळून किल्ल्याचे मोल करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. युरोपातील ऱ्हाईन नदीच्या मध्य खोऱ्याचेही असेच आहे. तेथे बिंगेनपासून कोब्लेंझपर्यंतचा नदीकाठ किल्ल्यांनी भरलेला आहे आणि २००२ पासून तो जागतिक वारशात समाविष्ट आहे. तेथील प्रवासी किल्ल्याबरोबरच उतारावरचे द्राक्षांचे मळे आणि पाण्याकाठची लहान गावे पाहतो. कारण मळ्यांतील द्राक्षांपासून झालेली मदिरा नदीमार्गे जात होती, गावे त्या व्यापारावर जगत होती आणि किल्लेदार त्याच नदीवर जकात वसूल करीत होते. शेत, बाजार आणि तट या एकाच व्यवहाराच्या तीन बाजू होत्या.

हीच दृष्टी ठेवून रुआबांध्याच्या आसपास पाहिले, तर पहिले उदाहरण घरापासून काही किलोमीटरांवरच सापडते. जिल्ह्याच्या गावाचे नावच दुर्ग आहे. शिवनाथ नदीजवळच्या या गावी पूर्वी मातीचा किल्ला होता आणि १७४१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या तेव्हा त्यांनी येथे तळ दिला होता. छत्तीसगड हे नावही छत्तीस गडांवरून आले, असे सामान्यतः मानले जाते. रतनपूरच्या कलचुरी राजांच्या काळात शिवनाथेच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा गड होते. दुर्ग हा दक्षिणेकडील अठरांपैकी एक होय.

येथे गड या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. छत्तीसगडातील गड म्हणजे केवळ तटबंदी नव्हे. तो महसुलाचा विभाग होता. तत्त्वतः एका गडाखाली चौऱ्याऐंशी गावे येत. बारा-बारा गावांचे लहान गट असत. त्यांना 'बरहों' म्हणत. गटावर दाऊ आणि गावावर गौंटिया असे अधिकारी असत. म्हणजे गड या शब्दातच शेते, खेडी आणि सत्तेचे ठाणे ही तिन्ही सामावलेली होती. पुढे भोसल्यांच्या सुभेदारांनी गडांच्या जागी परगणे आणि कमाविसदार आणले, तरी धान्य शेतातून निघून महसुलाच्या रूपाने ठाण्यात आणि तेथून नागपुरास जाण्याचा क्रम तोच राहिला. शेतकऱ्यावरचा भार त्यामुळे हलका झाला नाही. प्रवाशाने किल्ल्याचा दगड पाहताना या भाराचीही आठवण ठेवावी.

या निरीक्षणातून आखणीचे पहिले सूत्र हाती येते : आधी शिवार, मग पेठ आणि शेवटी गड, या क्रमाने प्रवास करावा. धान्य ज्या क्रमाने वाहत गेले, त्याच क्रमाने प्रवासी गेला, तर गडाच्या दारापाशी पोहोचेपर्यंत तो गड कोणाच्या बळावर उभा राहिला हे त्याला ठाऊक झालेले असते.

मार्गाची निवड

हे सूत्र पाळणारा एक मार्ग रुआबांध्याच्या कुटुंबाला सहज उपलब्ध आहे. दुर्ग येथून पश्चिमेस रेल्वेने गोंदिया. गोंदियाहून दक्षिणेस वडसा, ब्रह्मपुरी आणि नागभीड यांवरून चंद्रपूर व बल्लारपूर. तेथून उत्तरेस नागपूर. आणि नागपुराहून पूर्वेस पुन्हा दुर्ग, असा हा वळसा आहे. दुर्ग ते गोंदिया सुमारे १३५ किलोमीटर, गोंदिया ते बल्लारपूर सुमारे २५०, बल्लारपूर ते नागपूर सुमारे २१० आणि नागपूर ते दुर्ग सुमारे २६५ किलोमीटर अंतर आहे. एकूण प्रवास ८६० किलोमीटरांच्या आसपास भरतो. कोणताही टप्पा एका दिवसापेक्षा मोठा नाही आणि गोंदिया ते दुर्ग हा शेवटचा भाग सोडला, तर गेलेल्या वाटेने परतावे लागत नाही.

या मार्गाला ऐतिहासिक एकताही आहे. आज त्यावर दोन राज्यांची सीमा आडवी येते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग, भंडारा, चांदा आणि नागपूर हे चारही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. आजोबांच्या वडिलांच्या पिढीला हा प्रदेश परका नव्हता. नातवंडांना तो परका वाटतो, कारण नागपूरला किंवा त्याही पुढे जाताना ती मधला मुलूख रात्रीच्या गाडीत झोपून ओलांडतात. म्हणून या प्रवासातील दुर्ग-गोंदिया हा टप्पा दिवसाच करावा. डोंगरगड मागे पडल्यावर बोरतलाव आणि दरेकसा यांच्या दरम्यान गाडी डोंगर-जंगलातून जाते. दरेकशाजवळच कचारगडची गुहा आहे. ते गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते. छत्तीसगडातून महाराष्ट्रात प्रवेश होतो तो असा, ज्या लोकांनी पुढे चांद्याचे राज्य उभारले त्यांच्या पवित्र स्थळाजवळून.

ऋतूची निवड

कोणत्याही ऋतूत सर्वच गोष्टी पाहावयास मिळत नाहीत, हे प्रथमच मान्य करावे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धानाची बांधी हिरवीगार असतात. पण पाऊस, चिखल आणि पूर यांमुळे तटांवर फिरणे धोक्याचे होते. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते. पण चंद्रपूरची गणना देशातील अत्यंत उष्ण शहरांत होते आणि वृद्ध व मुले यांना तो उन्हाळा सोसणे कठीण जाते. दिवाळीनंतरचे दिवस हवेच्या दृष्टीने चांगले असतात. मात्र तेव्हा शेतकरी कापणी-मळणीत गुंतलेला असतो.

जानेवारीचा उत्तरार्ध या सर्वांचा विचार करता अधिक सोयीचा ठरतो. धान कापला गेलेला असतो आणि बांध्यांतील उरलेल्या ओलीवर लाखोळी, जवस, हरभरा अशी पिके उभी असतात. तलाव भरलेले असून त्यांवर उत्तरेकडून आलेले पक्षी उतरलेले असतात. झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम ऐन भरात असतो. शिवाय २६ जानेवारीस नागपूरचा सीताबर्डी किल्ला सामान्य जनतेस खुला होतो. हा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तो एरवी पाहता येत नाही. प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन आणि स्वातंत्र्यदिन हे त्याचे दिवस होत. म्हणजे एक तारीख ठरली. आखणी करताना जी तारीख आपल्या हाती नाही ती प्रथम लिहावी आणि तेथून मागे मोजत यावे. २६ जानेवारीस नागपुरात असावयाचे, तर २० जानेवारीस दुर्ग सोडणे योग्य होईल.

पहिले दोन दिवस : शिवार

गोंदियाहून रस्त्याने दीड-दोन तासांत नवेगावबांध येते. टेकड्यांच्या कुशीत पसरलेला हा विस्तीर्ण जलाशय निसर्गनिर्मित वाटतो; प्रत्यक्षात तो माणसांनी घडविला आहे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी तो बांधला, अशी परंपरा आहे. कोहळी समाज तलाव बांधण्याच्या कौशल्याबद्दल प्रसिद्ध आहे. दोन टेकड्यांमधील सखल भाग हेरून तेथे मातीची पाळ घालावयाची, पावसाचे पाणी अडवावयाचे आणि उताराने ते खालच्या बांध्यांत सोडावयाचे, ही त्यांची रीत होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो लहानमोठे तलाव आणि बोड्या आहेत.

या तलावांना लोक 'मामा तलाव' म्हणतात. येथे मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. गावाचा महसूल गोळा करणारा मालगुजार तलावाची देखभाल करवून घेई आणि पाण्याची वाटणी गावात ठरे. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव शासनाकडे आले. मालगुजाराचा जाच संपला ही इष्ट गोष्ट झाली. परंतु वर्षानुवर्षे गाळ काढण्याची आणि पाळ दुरुस्त करण्याची जी सामुदायिक सवय होती, ती अनेक ठिकाणी खंडित झाली. गाळाने तलाव उथळ झाले आणि त्यांचे पाणी कमी शेतांना पुरू लागले. प्रवाशाने एखाद्या पाळीवर उभे राहून एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस शेते अशी दोन्ही दृश्ये पाहावीत. पुढे चंद्रपुरास जो प्रचंड तट दिसणार आहे, त्याचे मूळ या साध्या मातीच्या पाळीत आहे. पाणी अडले म्हणून धान पिकले. धान पिकले म्हणून कर मिळाला. आणि कर मिळाला म्हणून दगडावर दगड चढला.

नवेगावचे अरण्य १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी आपल्या नोकरीच्या काळात येथील पक्षी, वृक्ष आणि माणसे यांचे बारकाईने निरीक्षण केले व मराठी वाचकांना या परिसराची ओळख करून दिली. या दोन दिवसांत कुटुंबाने घाई करू नये. पहाटे पाण्यावर धुके असताना पक्षी पाहावेत, ढिवरांच्या होड्या परत येताना काठावर असावे आणि दुपारी गावातून पायी फिरावे. आजोबांना येथे चढण नाही. पाळीवरची वाट सपाट असते. ज्यांच्यामुळे प्रवासाची गती मंद होते, त्यांच्याच सोयीने पहिले दिवस आखले, तर पुढील दिवसांत कोणी मागे राहत नाही.

तिसरा आणि चौथा दिवस : पेठ

वडसा, ज्यास देसाईगंज असेही म्हणतात, हे गडचिरोली जिल्ह्यातील रेल्वेवरचे बाजारपेठेचे गाव आहे. पर्यटकांच्या पुस्तिकांत त्याचे नाव क्वचितच आढळते. तथापि दिवाळी ते होळी या काळात त्याच्या इतके गजबजलेले गाव शोधावे लागेल. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांचे हे केंद्र आहे. येथील रस्त्यांवर मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावोगावचे लोक येथे येऊन आपल्या गावासाठी नाटक ठरवितात, तारखा निश्चित होतात, आणि मग नट, वादक व पडदे यांना घेऊन वाहने संध्याकाळी खेड्यांकडे निघतात.

या रंगभूमीचे अर्थशास्त्र ध्यानात घेण्यासारखे आहे. धान घरात आल्यानंतर खेड्याच्या हाती थोडा पैसा येतो. त्या सुमारास गावात मंडई भरते, पाहुणे येतात, सोयरिकी जुळविण्याची बोलणी होतात आणि रात्री कनातीने वेढलेल्या मोकळ्या मैदानात नाटक होते. ते रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. संवादांबरोबर गाणी असतात, विनोद असतो आणि कथानक बहुधा घरादाराच्या सुखदुःखाचे असते. याच परंपरेतील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शहरी रंगभूमीस प्रेक्षक मिळविण्याची चिंता असताना येथे शेतकरी आणि मजूर तिकीट काढून रात्रभर थंडीत बसतात, ही गोष्ट मराठी वाचकाने स्वतः जाऊन पाहण्यासारखी आहे. भिलाईत वाढलेल्या मुलांना झाडीबोलीतील काही शब्द छत्तीसगढीच्या जवळचे वाटतील आणि भाषेची सीमा नकाशावरील रेघेइतकी ठसठशीत नसते, हे त्यांना कोणी न सांगता समजेल.

नाटकाचे गाव आणि तारीख वडशास पोहोचल्यावरच चौकशी करून ठरवावी. ती आधीपासून गृहीत धरू नये. रात्रीच्या थंडीसाठी ब्लँकेट बरोबर असावे आणि परतण्याच्या वाहनाची व्यवस्था अगोदर पक्की करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चौथ्या दिवसाची सकाळ पूर्णपणे मोकळी ठेवावी. जागरणानंतर सकाळची गाडी पकडण्याचा अट्टहास केल्याने पुढचे दोन दिवस बिघडतात. आखणीतील मोकळा वेळ हा वाया गेलेला वेळ समजू नये. चुकलेली गाडी, आलेले आजारपण किंवा अचानक भेटलेला एखादा बोलका म्हातारा यांची सोय त्यातूनच होते. दुपारनंतर दक्षिणेकडे निघावे. या मार्गावर गाड्या मोजक्या आहेत, म्हणून वेळापत्रक आधी पाहून त्याभोवती दिवस बसवावा. पूर्वी हा मार्ग अरुंद रुळांचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो रुंद करण्यात आला. त्यावरील चंद्रपूरच्या स्थानकाचे नाव आजही 'चांदा फोर्ट' असे आहे.

पाचवा आणि सहावा दिवस : गड

चंद्रपूरचा किल्ला डोंगरावर नाही. तो जुन्या शहराभोवती फिरणारा दगडी परकोट आहे. त्याला चार मोठे दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. यांखेरीज पाच लहान खिडक्या आहेत. दरवाजांवर हत्तीवर झेपावणाऱ्या सिंहाची शिल्पे असून ती गोंड राजांची राजचिन्हे होत. आख्यायिका अशी की, व्याधीने पीडित असलेल्या खांडक्या बल्लाळशहाला झरपट नदीतील पाण्याने आराम पडला. पुढे त्याच परिसरात एका सशाने त्याच्या कुत्र्याचा पाठलाग केलेला त्याने पाहिला, आणि राणीच्या सल्ल्यावरून त्या जागी त्याने नगर वसविले. आख्यायिकेचा अर्थ कसाही लावला, तरी तिच्यात पाणी आधी येते आणि तट नंतर, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत या कोटाच्या आत स्वतंत्र वस्त्या आणि पिकांखालील शेते असल्याची नोंद आढळते. येथे शिवार, पेठ आणि गड यांची सांगड एकाच भिंतीच्या आत घातलेली होती. वेढा पडल्यास आतील माणसांना काही काळ तरी आतल्या धान्यावर आणि पाण्यावर तग धरता यावा, असा अशा रचनेचा उपयोग होत असे. १७५१ मध्ये चांद्याचे राज्य भोसल्यांकडे गेले आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून शहर घेतले.

पाचवा दिवस परकोटासाठी द्यावा. सकाळी जटपुरा दरवाज्यापासून आरंभ करावा. त्याखालून आजही शहराची वाहतूक जाते. त्यानंतर अंचलेश्वराचे मंदिर आणि त्याशेजारील गोंड राजांच्या समाध्या पाहाव्यात. राणी हिराई हिने आपला पती बीरशहा याची समाधी अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधविली. दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी तटावरून काही अंतर चालावे. अनेक वर्षे हा तट झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने भरून गेला होता. २०१७ मध्ये 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी श्रमदानाने तो स्वच्छ करण्यास प्रारंभ केला आणि शेकडो दिवस हे काम चालू ठेवले. आज प्रवासी तटावरून चालू शकतो तो या नागरिकांच्या श्रमांमुळे. मामा तलावाची पाळ आणि चांद्याचा तट यांचे भवितव्य एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, हे येथे उमगते : वर्षातून काही दिवस त्यासाठी हात देणारी माणसे गावात असली पाहिजेत.

ताडोबाचे व्याघ्र अभयारण्य चंद्रपूरपासून जवळ आहे आणि तेथे जाण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी आगाऊ नोंदणी, पहाटेची निघणी आणि बराच खर्च लागतो. या प्रवासात ते वगळणे बरे. जे गाळले त्याची नोंद वहीत करून ठेवावी. पुढील सुटीचा आराखडा त्यातूनच तयार होतो.

सहाव्या दिवशी सकाळी बल्लारपूरला जावे. तेथे वर्धा नदीच्या काठी गोंड राजांचा किल्ला आहे. चांद्यापूर्वी राजधानी येथे होती. शहराच्या कोटाहून हा किल्ला वेगळा आहे. येथे भिंतीच्या आत मुख्यतः राजा आणि त्याचा परिवार यांची जागा होती. पायऱ्यांवर बसून पात्राकडे पाहिले, म्हणजे राजाला नदी का हवी होती हे वेगळे सांगावे लागत नाही. दुपारनंतर बल्लारपूरच्या मोठ्या जंक्शनावरून नागपूरची गाडी घ्यावी.

सातवा दिवस : शहरावर रोखलेला किल्ला

नागपूर शहर १७०२ मध्ये देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शहा याने वसविले, त्याच्या वारसाने त्यास कोट बांधला आणि पुढे भोसल्यांनी ते आपल्या राज्याचे केंद्र केले. महाल भागात जुन्या शहराची वळणे अजूनही दिसतात. २६ जानेवारीस सकाळी सीताबर्डीवर जावे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि तीत भोसल्यांचा पराभव झाला. त्या वेळी येथे किल्ला नव्हता. तटबंदी इंग्रजांनी लढाईनंतर उभारली.

हा तपशील महत्त्वाचा आहे. चांद्याचा कोट शहराला कवेत घेऊन उभा होता. सीताबर्डीचा किल्ला शहरावर नजर ठेवण्यासाठी बांधला गेला. एकात शेते आणि वस्त्या भिंतीच्या आत होत्या. दुसऱ्यात भिंतीच्या आत केवळ फौज होती. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले, तेव्हा नागपूरबरोबर छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले. सात दिवसांपूर्वी ज्या दुर्गहून कुटुंब निघाले, त्या दुर्गचे भवितव्यही या टेकडीच्या सावलीत ठरले होते. मुलांनी नकाशावर हा वळसा पेन्सिलीने काढला असेल, तर येथे त्याचे दोन्ही टोक जुळते.

आखणीचे नियम

वरील उदाहरणावरून काही सर्वसामान्य नियम सांगता येतात. प्रथम, आपल्या हाती नसलेली तारीख शोधून तेथून मागे मोजावे. दुसरे, मार्ग शक्यतो वळशाचा असावा आणि अनोळखी मुलखातील टप्पे दिवसाउजेडी करावेत. तिसरे, शिवार, पेठ आणि गड यांपैकी प्रत्येकाला किमान एक पूर्ण दिवस द्यावा. गडाला दिलेल्या वेळाएवढा वेळ त्याला पोसणाऱ्या भूमीला द्यावा. चौथे, कुटुंबातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीच्या पावलाने वेळापत्रक लिहावे. पाचवे, अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि एक प्रसिद्ध स्थळ जाणूनबुजून गाळावे. सहावे, निघण्यापूर्वी त्या प्रदेशाविषयी एखादे पुस्तक ग्रंथालयातून आणून घरात मोठ्याने वाचावे. जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअरे यासाठी विशेष उपयुक्त ठरतात.

हे नियम कोणत्याही प्रदेशास लागू पडतात. ज्यांना सह्याद्रीत जावयाचे आहे त्यांनी रायगडाबरोबर महाडची पेठ आणि सावित्रीकाठची भातशेती पाहावी. ज्यांना रुआबांध्याहून उत्तरेस जावयाचे आहे त्यांनी बिलासपूरमार्गे रतनपूर गाठावे, तेथील जुन्या किल्ल्याचे अवशेष आणि बिंबाजी भोसल्यांनी टेकडीवर बांधविलेले राममंदिर पाहावे, आणि वाटेत शिवनाथेच्या खोऱ्यातील धानाची खेडीही नजरेआड करू नयेत.

रात्रीच्या गाडीने कुटुंब दुर्गला परतते. दुसऱ्या दिवशी पाळी असते, शाळा असते. रुआबांध्याच्या नावातील 'बांधा' हा अंश मराठी वाचकास बांधाची आठवण करून देतो. नवेगावची पाळ पाहून आलेल्या मुलाने घराजवळच्या एखाद्या जुन्या तलावाकडे बोट दाखवून तो कोणी बांधला आणि त्याचा गाळ आता कोण काढतो, असे विचारले, तर वडीलधाऱ्यांनी त्याला थोडा वेळ द्यावा आणि उत्तर शोधण्यासाठी त्याच्याबरोबर तलावाकाठी जावे.